चॅटचं दफ्तर कुणाच्या घरी?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आयुष्यभर ग्रंथपाल होते. म्हणून 'जतन' या विषयाच्या आसपास राहा, असं मला संयोजकांनी सुचवलं होतं. मी जो विषय कळवला तो वाचून त्यांच्यातले एक-दोघे जरा बुचकळ्यात पडले. चॅटिंगचं सॉफ्टवेअर आपली संभाषणं कुठल्या फोल्डरमध्ये साठवतं आणि ती जागा आपल्याला बदलता यावी की नाही, एवढाच आजचा विषय आहे. फोल्डर बदलण्यावर तासभर काय बोलणार, हा प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं असं की संभाषण जिथे पडून असतं, त्या जागेचा धनी ते किती दिवस टिकेल, कोण वाचेल आणि कोर्टात त्याची शहानिशा कोण करेल, हे ठरवतो. तेव्हा ती जागा ठरवण्याचा हक्क बोलणाऱ्यांकडे हवा.

एके काळी तो होता. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ऑगस्ट १९८८ मध्ये आयआरसी ही गप्पांची व्यवस्था उभी केली. तिचा सर्व्हर संदेश इकडून तिकडे पोचवायचा आणि विसरून जायचा. ज्याला गप्पा ठेवायच्या असतील त्यानं त्या आपल्या संगणकावर ठेवाव्यात. एमआयआरसी किंवा इर्सीसारख्या प्रोग्रॅममध्ये लॉग कुठे लिहायचा ते वापरणाराच सांगायचा. साध्या मजकुराची फाइल, प्रत्येक ओळीच्या आधी वेळ, मग नाव, मग बोलणं. तीस वर्षांपूर्वीची अशी फाइल आजही कुठल्याही संगणकावर उघडते.

पुढे १९९६ मध्ये आयसीक्यू, १९९८ मध्ये याहू आणि १९९९ मध्ये एमएसएन मेसेंजर आले. आपल्यापैकी अनेकांनी पहिली चॅट याहूवर केली असेल. याहू जपलेल्या गप्पा आपल्या प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये खोल कुठेतरी ठेवायचं, आणि त्याही अशा रूपात की नोटपॅडमध्ये उघडल्या तर नुसती अगम्य चिन्हं दिसावीत. एमएसएनचं मात्र कौतुक करायला हवं. त्याच्या ऑप्शन्समध्ये संभाषणांचा इतिहास ठेवायचा का, हा प्रश्न होता आणि त्याच्याखाली 'या फोल्डरमध्ये ठेवा' अशी ओळ आणि जागा बदलायचं बटण होतं. मायक्रोसॉफ्टचं कौतुक करण्याची वेळ माझ्यासारख्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यावर क्वचित येते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

कारण याच बाबतीत आमच्या गोटातलं सॉफ्टवेअर मागे पडलं. पिजिन हे नाव काहींना आठवत असेल. एओएल कंपनीशी नावावरून चाललेला वाद मिटवताना २००७ मध्ये त्याला हे नाव मिळालं. याहू, एमएसएन, जीटॉक, आयसीक्यू, आयआरसी, सगळं एका खिडकीत चालायचं. लॉग ठेवण्याची त्याची शिस्त तर अशी की दफ्तरखान्यातल्या कारकुनानं शिकावं. आधी सेवेचं फोल्डर, त्यात आपल्या खात्याचं, त्यात मित्राचं, आणि त्यात प्रत्येक बैठकीची वेगळी फाइल. फाइलच्या नावातच तारीख, वेळ आणि भारतीय प्रमाणवेळेचा साडेपाच तासांचा फरकसुद्धा. ब्राउझरमध्ये टिचकी मारली की वाचता येते. पण हे सगळं तो ठेवायचा 'पर्पल' नावाच्या फोल्डरमध्ये, आणि त्या नावाच्या आधी एक टिंब. लिनक्समध्ये नावाआधी टिंब असलं की फोल्डर दिसत नाही. विंडोजवर ते ॲप्लिकेशन डेटामध्ये जायचं, तेही लपवलेलं. आणि सेटिंगच्या खिडकीत जागा बदलण्याची सोय नव्हती.

यात बिघडलं काय, हे आपल्याकडच्या माणसाला लगेच कळतं. आपल्याकडे जुळवणी करून घेतलेल्या संगणकाच्या डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग पाडून मिळायचे. सीमध्ये विंडोज, डीमध्ये लग्नाचे फोटो, गाणी, मुलांचे प्रोजेक्ट. वर्ष-दीड वर्षात व्हायरस शिरायचा, मशीन रखडायला लागायचं आणि दुरुस्तीवाला यायचा. 'फॉरमॅट मारावा लागेल. सीमध्ये काही ठेवलंय का?' आपण म्हणायचो, 'डेस्कटॉपवरचं तेवढं घ्या.' तो डेस्कटॉप घ्यायचा, माय डॉक्युमेंट्स घ्यायचा, डीला हात लावायचा नाही आणि सी पुसायचा. लपवलेल्या फोल्डरमधल्या गप्पा त्यात जायच्या. परदेशी गेलेल्या मुलाशी दोन वर्षं रात्री केलेलं बोलणं सीमध्ये होतं, हे त्या आईला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्याकडून चूक झाली असं मी म्हणणार नाही. डीमध्ये ठेवा एवढं सांगण्याची जागा तिला कुणी दिली नव्हती.

यावर जाणकारांचं उत्तर ठरलेलं असायचं. लॉगचं फोल्डर हवं तिथे हलवा आणि जुन्या जागी एक सिमलिंक, म्हणजे नव्या जागेकडे बोट दाखवणारी नोंद, करून ठेवा. लिनक्सवर ही एका ओळीची आज्ञा आहे. विंडोज एक्सपीवर सामान्य माणसाला ते करता येईल असं साधन सोबत येतच नव्हतं. त्यासाठीची एमकेलिंक ही आज्ञा व्हिस्टापासून आली. दुसरं उत्तर असं की 'पर्पलहोम' हे चल बदला म्हणजे पिजिनचं सगळं बिऱ्हाडच दुसरीकडे जाईल. पण त्या बिऱ्हाडात खात्यांचीही फाइल असायची आणि पासवर्ड जतन करायला सांगितला असेल तर तो त्या फाइलमध्ये उघड्या मजकुरात लिहिलेला असायचा. म्हणजे गप्पा पेनड्राइव्हवर न्यायच्या तर किल्ल्यांचा जुडगाही सोबत न्यायचा. गप्पांची जागा स्वतंत्रपणे निवडता यायला हवी, याचं याहून सरळ कारण मला सुचत नाही.

प्रोग्रॅमरांची बाजूही ऐकली पाहिजे. रेड हॅटमध्ये काम करणाऱ्या हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००२ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या रूपाबद्दल एक निबंध लिहिला आणि तो आमच्या पिढीवर फार परिणाम करून गेला. त्यांचा युक्तिवाद असा की प्रत्येक पर्यायाला किंमत असते. सेटिंगची खिडकी गच्च भरली की माणसाला हवं ते सापडत नाही. शिवाय प्रत्येक पर्यायामागे तपासण्याच्या शक्यता दुपटीनं वाढतात आणि प्रोग्रॅमरनं घ्यायचा निर्णय वापरणाऱ्याच्या माथी मारला जातो. हे खरं आहे. जागा निवडू देणं म्हणजे नुसतं एक बटण लावणं नसतं. निवडलेली जागा पेनड्राइव्हवर असेल आणि तो मध्येच काढला तर पुढची ओळ कुठे लिहायची? ऑफिसच्या नेटवर्कवरची डिस्क मंद झाली तर चॅटची खिडकी अडकून राहील का? दोन संगणक एकाच फाइलमध्ये लिहू लागले तर? जागा बदलल्यावर जुने लॉग सोबत हलवायचे की तिथेच सोडायचे? हे प्रश्न सोडवायला कुणाचे तरी शनिवार-रविवार जातात, आणि ते माणूस फुकट काम करत असतं. २००८ मध्ये पिजिननं मजकूर लिहायच्या चौकटीची उंची आपोआप ठरवायला सुरुवात केली, तेव्हा चिडलेल्या लोकांनी 'फनपिजिन' नावाची वेगळी चूलच मांडली. चौकटीच्या उंचीवरून! अशा गदारोळात 'आणखी एक पर्याय द्या' ही मागणी ऐकून प्रोग्रॅमर दार लावून घेतो, यात नवल नाही.

तरीही मी या वादात वापरणाऱ्याच्या बाजूनं आहे. चौकटीची उंची, खिडकीचा रंग, हसऱ्या चेहऱ्यांचा आकार या रुचीच्या गोष्टी आहेत आणि त्यांत प्रोग्रॅमरनं खुशाल हुकूमशाही करावी. माझ्या आईशी झालेलं माझं बोलणं कुठल्या डिस्कवर आहे, ही रुचीची गोष्ट नाही.

पिजिनची तक्रार आज क्षुल्लक वाटेल, कारण तिथे निदान फाइल आपल्या घरात होती. २००६ मध्ये गूगलनं चॅट जीमेलमध्ये साठवायला सुरुवात केली. घरी, कचेरीत, कुठेही लॉगिन केलं की कालच्या गप्पा समोर. ही सोय फार मोठी होती आणि लोकांनी ती आनंदानं घेतली, मीही घेतली. पण त्या दिवसापासून जागेचा प्रश्न सेटिंगच्या खिडकीतून गायब झाला. लाखो लोकांचं बोलणं दुसऱ्याच्या कपाटात गेलं, आणि कपाटवाला नियम बदलू लागला. स्लॅकच्या मोफत योजनेत आधी शेवटचे १०,००० संदेश दिसायचे. सप्टेंबर २०२२ पासून फक्त ९० दिवसांचे दिसू लागले. २०२४ मध्ये तर वर्षापेक्षा जुना मजकूर कायमचा पुसण्याचं धोरण आलं. मुक्त सॉफ्टवेअरच्या कित्येक प्रकल्पांची चर्चा स्लॅकवर चालायची, हे सांगताना मला हसावं की रडावं कळत नाही.

कपाट कुठल्या देशात आहे यालाही महत्त्व असतं. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयानं अमली पदार्थांच्या तपासासाठी मायक्रोसॉफ्टकडे एका खात्याचे ईमेल मागितले. मजकूर आयर्लंडमधल्या डब्लिनच्या डेटा सेंटरमध्ये होता. का होता? तर खातं उघडताना माणूस जो देश सांगेल त्याच्या जवळच्या केंद्रात मायक्रोसॉफ्ट मजकूर ठेवायची, आणि देश खरा आहे की नाही ते तपासायची नाही. एका यादीतून देश निवडणाऱ्या त्या माणसानं नकळत आपल्या पत्रव्यवहाराची जागाच निवडली होती. त्या निवडीवरून चार वर्षं खटला चालला, २०१६ मध्ये अपील न्यायालयानं मायक्रोसॉफ्टच्या बाजूनं कौल दिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी मार्च २०१८ मध्ये अमेरिकेला नवा कायदा करावा लागला. तेव्हा तो प्रश्न मिटला.

आता आपल्या सगळ्यांच्या खिशात असलेल्या व्हॉट्सॲपकडे येतो. अँड्रॉइड फोनवर ते रोज पहाटे दोनच्या सुमाराला फोनमध्येच एक कुलूपबंद बॅकअप करतं आणि आपण सांगितलं तर तो गूगलच्या खात्यात पाठवतं. आयफोन असेल तर आयक्लाउड. तिसरी जागा नाही. घरातली हार्ड डिस्क, मेमरी कार्ड, तुम्ही पैसे भरून घेतलेली दुसरी एखादी सेवा, यांतलं काही त्या यादीत सापडत नाही. संदेशांचं एंड-टू-एंड एन्क्रिप्शन एप्रिल २०१६ मध्ये पूर्ण झालं, पण गूगलकडे गेलेल्या बॅकअपला तसं कुलूप लावण्याची सोय ऑक्टोबर २०२१ मध्ये आली, आणि तीही आपण चालू केली तर. मधली पाच वर्षं वाटेवर कडक बंदोबस्त आणि मुक्कामाला दार उघडं, असा कारभार होता. गूगलच्या खात्यातल्या फुकटच्या १५ जीबीत हा बॅकअप बरीच वर्षं धरला जात नव्हता. २०२३ संपता संपता धरला जाऊ लागला, आणि सुप्रभाताची फुलं आणि गणपतीचे फोटो यांचं खरं वजन घरोघर कळलं.

'एक्स्पोर्ट चॅट' आहे की, असं कुणी म्हणेल. आहे. एका वेळी एक संभाषण, फोटोंसह १०,००० संदेशांपर्यंत, फोटोंविना ४०,००० पर्यंत. हाती येते ती साधी मजकुराची फाइल, आणि याबद्दल मी आभारीच आहे. पण नव्या फोनवर ती व्हॉट्सॲपमध्ये परत घालता येत नाही. सगळी संभाषणं एकदम काढता येत नाहीत. टेलिग्रामनं २०१८ मध्ये संगणकावरच्या ॲपमध्ये सगळा इतिहास हव्या त्या फोल्डरमध्ये उतरवून घ्यायची सोय दिली. सिग्नलच्या अँड्रॉइड ॲपमध्ये बॅकअपचं फोल्डर आपण निवडतो आणि ३० अंकांची किल्ली आपल्याकडे राहते. म्हणजे हे जमत नाही असं नाही.

आता कोर्टाकडे. जालना मतदारसंघात २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर भरला गेला, असा आरोप करत कैलास गोरंट्याल न्यायालयात गेले. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतलं चित्रीकरण हा पुरावा होता. त्या निमित्तानं सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० रोजी जो निकाल दिला तो आज तुमच्या-माझ्या प्रत्येक चॅटला लागू पडतो. माहिती ज्या यंत्रात मूळ साठवली गेली ते यंत्र त्याचा मालक स्वतः साक्षीला उभा राहून दाखवत असेल तर वेगळं प्रमाणपत्र नको. प्रत सादर करायची तर प्रमाणपत्र बंधनकारक. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम ६३ खाली प्रमाणपत्राची अट आहे आणि त्यात फाइलचं हॅश मूल्यही नोंदवावं लागतं. घरमालकानं अनामत रक्कम परत करण्याचं चॅटवर कबूल केलं होतं, हे सिद्ध करायचं असलेल्या भाडेकरूच्या दृष्टीनं हे पाहा. फोन हरवला, बॅकअप कुठे होता ते माहीत नाही, उरले ते कुणीतरी काढलेले स्क्रीनशॉट. त्याची बाजू खरी असूनही लंगडी पडते.

याच्या उलट बाजूचंही उदाहरण देतो. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकानं जेपी मॉर्गनच्या दलाली कंपनीला १२.५ कोटी डॉलरचा दंड केला, कारण कर्मचारी धंद्याचं बोलणं स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲपवरून करत होते आणि कंपनीकडे त्याची नोंद राहत नव्हती. इथे 'माझी जागा मी निवडणार' हे चालणार नाही. पैसा लोकांचा असेल तर त्याविषयीच्या बोलण्याची जागा कायदा ठरवेल आणि त्यानं ती ठरवावी. माझा आग्रह खासगी बोलण्यापुरता आहे.

आणि खासगी बोलण्यात दोन माणसं असतात, हा सगळ्यात कठीण आक्षेप. मी माझी प्रत कुठेही ठेवली तर समोरच्यानं विश्वासानं सांगितलेलं कुठे जाऊन पडेल? व्हॉट्सॲपनं नोव्हेंबर २०२० मध्ये आपोआप नाहीसे होणारे संदेश आणले, एप्रिल २०२५ मध्ये समोरच्याला चॅट एक्स्पोर्ट करण्यापासून अडवण्याची सोय आणली. ज्या घरात एकच संगणक, एकच फोन आणि पासवर्ड सगळ्यांना ठाऊक, तिथल्या बाईला तिचं बोलणं कुठेही न राहणं हीच सुरक्षितता असते. सायबर कॅफेच्या काळात शेजारच्या खुर्चीवर बसलेल्याची कालची चॅट आपल्याला सापडायची, हे विसरू नका. म्हणून जागांच्या यादीत 'कुठेच नको' हा पर्याय पहिला असावा, आणि तो खरा असावा. खरा म्हणतो, कारण मे २०२५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या खटल्यात न्यायालयानं चॅटजीपीटीच्या कंपनीला वापरणाऱ्यांनी पुसलेली संभाषणंही जपून ठेवायला सांगितलं होतं. पुसण्याचं बटण आपल्याकडे आणि डिस्क त्यांच्याकडे असली की असं होऊ शकतं.

हे सगळं बोलताना माझ्या डोळ्यांसमोर वि. का. राजवाडे असतात. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे बावीस खंड झाले. त्यांतली पत्रं त्यांना मिळाली ती वाड्यांच्या माळ्यांवर, देशपांडे-कुलकर्ण्यांच्या घरांत, रुमालांत बांधलेली. पत्र ज्याला आलं त्याच्या घरी राहिलं, म्हणून ते शंभर-दीडशे वर्षांनी मागायला एक दार होतं. त्याच काळात पुण्यातच पेशवे दफ्तर होतं, प्रचंड, पण ते सरकारच्या कुलपात; आपल्या संशोधकांना तिथे सहजी प्रवेश नव्हता. गो. स. सरदेसायांनी त्यातले निवडक ४५ भाग १९३० नंतर प्रसिद्ध केले तेव्हा कुठे ते लोकांपुढे आलं. कुलपातलं दफ्तर टिकलं हेही खरं, आणि माळ्यावरची किती पत्रं वाळवीनं खाल्ली त्याला गणती नाही. म्हणून मी एकच जागा मागत नाही. माळा हवा आणि दफ्तरखानाही हवा, आणि कुठे काय ठेवायचं ते घरच्यांनी ठरवावं.

आपल्या कायद्यात याची सुरुवात झाली होती. मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेले बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीनं २०१८ मध्ये जो मसुदा दिला त्यात आपली माहिती वाचता येईल अशा रूपात परत मिळवण्याचा आणि दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०१९ च्या विधेयकातही तो होता. युरोपात तो २०१८ पासून लागू आहे. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून तो वगळला गेला. आपल्या मृत्यूनंतर आपले हक्क कुणी बजावायचे त्यासाठी नामनिर्देशन करण्याचा हक्क मात्र त्यात आहे, आणि तो चांगला आहे. पण वारस नेमता येतो आणि वारशाची जागा नेमता येत नाही, अशी आजची स्थिती आहे.

या सभागृहात हिंजवडीला नोकरी करणारे बरेच तरुण दिसतात. त्यांना माझी विनंती आहे की उद्या तुमच्या हातून संवादाचं एखादं ॲप घडलं, मग ते बँकेच्या ग्राहकसेवेचं असो की गृहनिर्माण सोसायटीचं, तर त्याच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी असू द्या: संभाषण आत्ता कुठे आहे ते दाखवणारी ओळ, ती जागा बदलण्याचं बटण, आणि कुठल्याही साध्या प्रोग्रॅममध्ये उघडेल अशी फाइल. बाकीच्यांना सांगणं एवढंच की घरी गेल्यावर व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये चॅट बॅकअप उघडून पाहा, तो कुठल्या खात्यात जातोय ते वाचा, एन्क्रिप्शन बंद असेल तर चालू करा आणि त्याची किल्ली कागदावर लिहून घरातल्या एका माणसाला दाखवून ठेवा. आणि तुमच्या खासदाराला पत्र लिहून विचारा की २०१९ च्या विधेयकातलं ते कलम का गळलं आणि ते परत कधी आणणार.